निरोपाचा विडा

"सायबानू, विडो खावा आणि माका मोकळो करा," तात्या नेरूरकर सकाळपासून कितव्यांदा तरी म्हणाले.

"खातो हो. दाढ ठणकतेय जरा," भाई म्हणाले आणि त्याच दाढेखाली त्यांनी दिवाळीतली उरलेली चकली कडकन मोडली.

भाई म्हणजे माझे वडील, जयवंतराव केंकरे, शिरवण संस्थानचे परराष्ट्रमंत्री. खरं तर त्या सकाळी महाराजांनी त्यांना काढून टाकलं होतं. राजवाड्यासमोर प्रजा परिषदेचा मोर्चा दोन दिवस ठाण मांडून बसला होता, आणि महाराजांनी शेवटी हात टेकले. पण आमच्याकडे मंत्र्याला हुकूम काढून घरी पाठवत नसत. महाराज आपल्या हाताने निरोपाचा विडा देत, मंत्री तो सगळ्यांदेखत खाई, आणि विडा खाल्ला की मंत्रिपद संपलं. त्या दिवशी दरबार भरवण्याची कोणाची छाती नव्हती, म्हणून विडा आमच्या घरी आला. चांदीचं तबक, वर किनखापाचा रुमाल, आणि तबक धरायला राजवाड्यातले सर्वांत जुने शिरस्तेदार, तात्या.

तात्यांची पंचाईत अशी की विडा खाल्ला जाईपर्यंत तबक खाली ठेवायचं नाही आणि विडा घेऊन परत जायचं नाही, असा शिरस्ता. बिचारे आमच्या पडवीत खुर्चीवर बसून तबक कधी या मांडीवर, कधी त्या मांडीवर घेत होते. मी त्यांना चहा पाजला तो बशी त्यांच्या तोंडाला लावून.

आज मी सांगायला लागले की आमच्या संस्थानाला परराष्ट्रमंत्री होता, तर नातवंडं हसतात. हसणारच. सकाळी न्याहारी करून सायकलवर निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला संस्थानाबाहेर पडत असे. पण आमच्या दक्षिणेला खाडी होती आणि खाडीपलीकडे फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, होता. कोणाची म्हैस पोहत पलीकडे जाई, कोणाचं जाळं वाहून जाई, कोणाची बायको नवऱ्याशी भांडून पलीकडच्या माहेरी जाऊन बसे आणि नवरा तिला आणायला गेला की ठाण्यात अडके. हे सगळं भाई निस्तरत. बेळगावात वकिली शिकलेला माणूस चौदा वर्षं म्हशींचे तह करत होता. पण ते काम ते अशा ऐटीत करत की जणू दोन साम्राज्यांच्या सरहद्दी त्यांच्या शब्दावर ठरणार आहेत.

ऐट होतीच. लाल पगडी घातल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत आणि ती कोणापुढे उतरवत नसत. एकदा गोऱ्या एजंटसाहेबाच्या तंबूत टोपी काढायचा रिवाज निघाला, तेव्हा भाई बाहेरच उन्हात उभे राहिले आणि साहेबाला बाहेर येऊन बोलावं लागलं. ही डोक्यावरची पगडी माझी नव्हे, संस्थानाची आहे, असं ते म्हणत. मोडेन पण वाकणार नाही, हे लोक त्यांच्याबद्दल आधी कौतुकाने म्हणायचे, नंतर दात ओठ खात म्हणायला लागले.

कारण झालं असं होतं. देश स्वतंत्र झाला, पण खाडीपलीकडे फिरंगी तसाच होता. परिषदेची काही पोरं तिरंगा घेऊन होडीने पलीकडे गेली, किनाऱ्यावर झेंडा रोवला आणि पकडली गेली. त्यांत परिषदेचे पुढारी रामकृष्ण मसुरकर वकील यांचा एकुलता एक मुलगा दिनकर होता. महिने उलटले तरी पोरं पलीकडच्या कोठडीत. आणि इकडे आमचे परराष्ट्रमंत्री दर पंधरा दिवसांनी पलीकडे जाऊन फिरंगी कप्तानाबरोबर पत्ते खेळत होते! लोकांनी पाहिलं होतं. परत येताना हातात दारूची बाटली असते, हेही पाहिलं होतं. ती दारू आमच्याकडे मॉरिस गाडीच्या पितळी दिव्यांना चकाकी द्यायला वापरली जाई, हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

मी एकदा विचारलं होतं, "भाई, त्या पोरांचं काय?"

"पत्ते पिसतोय," ते म्हणाले. पुढे ताकास तूर लागू दिली नाही.

तर असं सगळं पेटलेलं असताना हे गृहस्थ विडा खात नव्हते. फाटकाबाहेर लोक जमायला लागले होते. "खुर्ची सोडा! केंकरे, विडा खा!" अशा घोषणा पडवीपर्यंत ऐकू येत होत्या. माझ्या वडिलांना कोणी खुर्चीला चिकटलेला म्हणावं, याने माझ्या अंगाची लाही लाही होत होती. खुर्चीचा मोह असलेला माणूस मला ओळखू आला असता. आई गेल्यापासून घर मीच सांभाळत होते, आणि मंत्र्यांच्या घरात तूप कधी संपतं ते मला ठाऊक होतं.

"भाई, खा ना तो विडा! त्यांच्या तोंडावर खा आणि मोकळे व्हा. उद्या वकिली करा, परवा उपाशी राहू, पण हे ऐकून घेऊ नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग खिडकीतून माडांच्या शेंड्यांकडे.

"शरयू, भरती केव्हा लागते गं आज?"

"दुपारनंतर. का?"

"गाडी काढ."

आमचा ड्रायव्हर त्या दिवशी पांढरी टोपी घालून मोर्चात गेला होता. पण माणूस प्रामाणिक. जाताना किल्ली देवापुढे ठेवून, नमस्कार करून गेला. गाडी चालवायला मला भाईंनीच शिकवलं होतं, गावाने नावं ठेवली होती आणि भाईंनी ती कानाआड केली होती.

"खंय जातात?" तात्या धडपडत उठले. "आणि विडो?"

"विडा बरोबर घ्या," भाई म्हणाले. "तुम्हीही चला. तुमच्याशिवाय कसं चालेल?"

तात्या तबक छातीशी धरून मागे बसले. वळणावर गाडी झुकली की ते स्वतःला नाही, तबकाला सावरत. मी फाटकातून गाडी काढली तेव्हा लोक बाजूला झाले, कारण मंत्र्यांच्या गाडीत चाकावर बाई बसलेली पाहून ते क्षणभर घोषणाच विसरले. मग मी खाडीचा रस्ता धरला आणि मागून ओरडा झाला, "पळतोय! फिरंग्याकडे पळतोय!"

हे शब्द मला चाबकासारखे लागले. मी करकचून ब्रेक दाबला.

"भाई, खरं सांगा. तुम्ही पलीकडे जाताय?"

"हो."

"लोक काय म्हणतायत ऐकलंत?"

"ऐकलं. तू ऐकलंस?"

"म्हणून तर विचारतेय!"

"मग तुला काय वाटतं?"

मी त्या पगडीकडे पाहिलं. ती तिच्या जागी सरळ होती. "मला वाटतं, तुम्ही पळणाऱ्यातले नाही."

"मग चालव," ते म्हणाले. "सांगितलं असतं, पण गाडीत तात्या आहेत. तात्यांच्या कानात पडलेलं बाजारात जायला वहाणा घालत नाही."

"ह्या मात्र खरा," मागून तात्या कबूल झाले.

तरीच्या धक्क्यावर होडी तयारच होती. होडीवाल्याने भाईंना पाहून नुसती मान हलवली, म्हणजे हे आधी ठरलेलं होतं. भाई चढले, मी न विचारता चढले. तात्या किनाऱ्यावर उभे राहून रडकुंडीला आले.

"सायबानू, माका पोवूक येना नाय."

"तुम्हाला पोहायला कोण सांगतंय? तबक सांभाळा आणि बसा. आज सगळ्यांत मोठं काम तुमचं आहे."

खाडी तिथे अरुंद आहे. मध्यावर पोचलो तोवर मागे परिषदेच्या माणसांनी भरलेली सर्व्हिस मोटार येऊन थांबली, त्यामागे सायकली, त्यामागे धावणारी माणसं. मसुरकर वकील सर्वांत पुढे पाण्याच्या कडेला येऊन उभे राहिले. हातवारे करून काहीतरी ओरडत होते. शब्द वाऱ्याने नेले, अर्थ मात्र पोचत होता.

पलीकडे कप्तान छत्रीखाली उभा होता. गिड्डा, गोरटेला, घामाघूम. मागे शिपाई, आणि शिपायांच्या मधोमध ती पोरं. दाढ्या वाढलेली, गालफडं बसलेली. दिनकर मसुरकर मला बरोबर ओळखू आला, लहानपणी आमच्याच परसातले पेरू चोरायचा. मी होडीच्या फळीवर बसूनच राहिले.

भाई चिखलात उतरले. कप्तान कोकणीत बोलला, मोडक्या पण कळेल अशा.

"मंत्री, मी सकाळी ऐकलं की तुम्हाला काढलं."

"बरोबर ऐकलं."

"मग आपलं बोलणं संपलं. माझ्या वरिष्ठांना मी सांगितलंय, शिरवणचा मंत्री स्वतः येऊन माफी मागेल, सगळ्यांदेखत, उघड्या डोक्याने. मग पोरं सोडीन. काढून टाकलेल्या माणसाची माफी घेऊन मी काय करू? असा कोणीही म्हातारा येईल आणि वाकून जाईल."

तेव्हा मला कळलं. पंधरा पंधरा दिवसांनी ते पत्ते कशासाठी पिसत होते, ते कळलं. आणि विडा का खात नव्हते, तेही.

भाईंनी शांतपणे होडीकडे हात केला. "तात्या, जरा पुढे या. तबक दाखवा यांना."

तात्या गुडघाभर पाण्यात उतरले, धोतर भिजलं, पण तबक डोक्याच्या उंचीला धरून वर आले. भाईंनी रुमाल काढला. विडा तसाच होता, पानं जरा मलूल झालेली, वरची लवंग टोचलेली.

"आमच्या संस्थानात निरोपाचा विडा खाल्ला की मंत्री उतरतो. हा विडा महाराजांचा आहे आणि हे महाराजांचे शिरस्तेदार आहेत. विचारा यांना, मी कोण आहे."

कप्तानाने तात्यांकडे पाहिलं. तात्यांना इतका वेळ काय चाललंय ते कळत नव्हतं, पण प्रश्न शिरस्त्याचा निघाला आणि त्यांचा कणा ताठ झाला. पाण्याने निथळत, पण दरबारात पुकारावं तशा आवाजात ते म्हणाले, "विडो तबकात आसा तवसर केंकरे सायबच मंत्री. म्हाराज इले तरी ह्या बदलूचा नाय!"

कप्तान हसला. रिवाजावर जगणारा माणूस दुसऱ्याचा रिवाज ओळखतो. त्याने छत्री शिपायाकडे दिली, बुटांच्या टाचा जुळवल्या आणि वाट पाहत उभा राहिला.

भाईंनी दोन्ही हातांनी पगडी उतरवली.

मी त्यांचं उघडं डोकं घरात रोज पाहत होते, अंघोळीनंतर, देवपूजेला. पण त्या किनाऱ्यावर, दुपारच्या उन्हात, परक्यांपुढे ते टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं. अलीकडच्या काठावरून आरडाओरड उठली. त्यांनाही लाल पगडी खाली आलेली दिसली होती. "नाक कापलं!" कोणीतरी इतक्या जोरात ओरडलं की ते खाडी ओलांडून आलं.

भाई कमरेत वाकले. एजंटसाहेबाला उन्हात बोलावणारे माझे वडील, पुरते वाकले.

"माझ्या संस्थानातली मुलं तुमची हद्द ओलांडून आली. हद्द राखणं माझं काम होतं, ते मला जमलं नाही. ही चूक माझी आहे. शिरवणचा मंत्री म्हणून मी तुमची माफी मागतो."

झेंड्याबद्दल एक अक्षर नाही, हे माझ्या लक्षात आलं. पोरांची चूक म्हणून एक अक्षर नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन माणूस वाकला होता.

तेवढ्यात दिनकर पुढे उसळला. "माफी मागू नका! आम्ही मागितली नाही, मरेपर्यंत मागणार नाही!"

भाई वाकलेलेच होते. तसेच मान वळवून त्याच्यावर खेकसले, "तुला कोणी विचारलंय का गाढवा? ही माझी माफी आहे. तुझी तुझ्यापाशी ठेव, पुढे लागेल!"

शिपायांतला एक जण फसकन हसला. कप्तानानेही मिशीत हसू दाबलं आणि हात हलवला. शिपाई बाजूला झाले.

परतीच्या वाटेवर होडी माणसांनी भरली होती. पोरं भाईंकडे बघत नव्हती आणि त्यांच्याशिवाय दुसरीकडेही बघत नव्हती. पगडी दिनकरच्या मांडीवर होती. ती त्याने कधी उचलून घेतली, मला कळलं नाही. मी मात्र रडत होते आणि डोळे पुसत नव्हते. मला माझ्या बापाचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा त्या आधी कधी वाटला नव्हता. ते ताठ उभे राहायचे तेव्हा मला आवडायचे. ते वाकले तेव्हा मला कळलं की मी कोणाची मुलगी आहे.

काठ जवळ आला तसा ओरडा कमी कमी होत गेला. आधी कोणीतरी आपलं पोर ओळखलं. मग दुसऱ्याने. एक बाई लुगड्यासकट पाण्यात शिरली. "माजो झिल! माजो झिल इलो!" मसुरकर वकील हलले नाहीत. दिनकर उतरून त्यांच्यापाशी गेला, बापलेक एकमेकांना धरून उभे राहिले, आणि मग दिनकर त्यांच्या कानाशी बराच वेळ काहीतरी सांगत होता.

वकील भाईंसमोर आले. दोन दिवस त्यांनी भाईंच्या नावाने शिमगा केला होता. ते पाया पडायला खाली झुकले तसं भाईंनी त्यांचे खांदे धरून त्यांना वरच थांबवलं.

"छे छे, वकीलसाहेब. आज वाकायचा मान माझा होता. तुमची पाळी उद्यापासून."

"केंकरेसाहेब, मी आत्ता महाराजांकडे जातो. हे लोक माझ्याबरोबर येतील. हुकूम मागे घ्यायला लावतो. तुम्हीच राहा."

गर्दीतून होकार उठला. ज्यांनी सकाळी "केंकरे, विडा खा" म्हणून घसे फोडले तेच आता "विडो खाव नकात!" म्हणायला लागले. माणसांची गंमतच असते.

"नको," भाई म्हणाले. "मी बरा मंत्री होतो, पण तुमचा नव्हतो, महाराजांचा होतो. आता तुमचा माणूस हवा, आणि ते तुम्ही बरोबर ओळखलंत. फक्त एक करा. पलीकडच्या कप्तानाशी पत्ते खेळायला जात जा. तो लबाडी करतो. हरायचं." मग ते वळले. "तात्या, तबक आणा."

तात्या आले. ओल्या धोतराने, चिखलाच्या पायांनी, पण रुमाल नीट करून. सकाळपासून ज्या क्षणाची ते वाट पाहत होते तो आला, तर त्यांचे हात पुढे होईनात.

"सायबानू, ऱ्हवांदे..."

"शिरस्ता आहे ना? मग द्या."

भाईंनी लवंग काढून खिशात टाकली आणि विडा तोंडात घातला. सगळा किनारा त्यांचं चावणं बघत होता. ते मन लावून चावत होते.

"चुना जरा जास्त झालाय," ते शेवटी म्हणाले. "पण गोड लागतोय."

तात्यांनी रिकामं तबक पहिल्यांदा खाली ठेवलं, तिथेच वाळूत, आणि त्याच्याशेजारी बसून ते मोठ्याने रडले.

शिरवणात निरोपाचा विडा त्यानंतर कोणी खाल्ला नाही. पुढल्या वर्षी संस्थान विलीन झालं, मसुरकरांचं मंत्रिमंडळ विड्याशिवायच संपलं, आणि तबक कुठे गेलं ते देव जाणे.

त्या संध्याकाळी मी गाडी चालू केली. तात्या मागे बसल्या बसल्या झोपले. दिनकरने खिडकीतून पगडी आत दिली, दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तशी. भाईंनी ती मांडीवर ठेवून घेतली. गाव जवळ आलं, रस्त्याच्या कडेला माणसं उभी दिसायला लागली, तशी मी म्हटलं, "भाई, पगडी घाला. लोक बघतायत."

"बघू देत," ते म्हणाले. ओठ लाल झाले होते, टकलावर संध्याकाळचं ऊन पडलं होतं. "आता डोकं माझं एकट्याचं आहे."

घराकडे जायला एक मागचा रस्ता होता. मी गाडी भर बाजारातून नेली, आणि अगदी सावकाश नेली.